सीडीफोर किती आला?

तालुक्याच्या गावात रक्त तपासणारा माणूस ही एक जुनी संस्था आहे. फलटण घ्या, वाई घ्या, तासगाव घ्या, दवाखान्याला लागून एक खोली, टेबलावर मायक्रोस्कोप, रंगाच्या बाटल्या आणि बाहेर वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. ताप उतरेना म्हटलं की डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत, 'टीसी-डीसी'. लॅबवाला बोटाला सुई टोचून थेंब घेई, रक्त पातळ करून रेघा आखलेल्या काचेच्या चौकटीत पांढऱ्या पेशी मोजी. दुसरा थेंब काचेवर ओढून त्यावर लीशमनचा रंग चढवी आणि शंभर पेशी होईपर्यंत एकेक ओळखत जाई. न्यूट्रोफिल वाढले तर जंतूंचा संसर्ग, इओसिनोफिल वाढले तर जंत नाहीतर ॲलर्जी, लिम्फोसाइट वाढले तर विषाणू किंवा क्षय. थोड्या वेळात कागद हातात. विसाव्या शतकातल्या ग्रामीण महाराष्ट्राचं निम्मं निदान या कागदावर चाललं असं म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कसबाला एक मर्यादा होती, आणि ती कुणाला खटकत नव्हती. काचेवरचे सगळे लिम्फोसाइट सारखेच दिसतात: जांभळा गोल गाभा, भोवती निळसर कड. त्यात शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणारी पेशी कुठली आणि विषाणूने बाधलेल्या पेशीला ठार करणारी कुठली, हे कितीही सरावलेल्या डोळ्याला सांगता येत नाही. त्यांच्यातला फरक रंगरूपात नसतो. तो पेशीच्या पृष्ठभागावर रुतलेल्या प्रथिनांत असतो.

त्यातलं एक प्रथिन पुढे सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर नावानिशी ओळखलं जाऊ लागलं. पेशीजीवशास्त्राचा एकही धडा न वाचलेली माणसं 'सीडीफोर किती आला?' असं एकमेकांना विचारू लागली. रेणूच्या नावाला इतकी ओळख मराठी मुलखात क्वचितच मिळाली असेल. इन्सुलिनला मिळाली, पण त्याची बाटली तरी दिसते.

हे प्रथिन हाती लागायला आधी त्याला चिकटणारं काही तरी हवं होतं. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टीन यांनी एकाच जातीची, एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. लगेच जगभरच्या प्रयोगशाळा पांढऱ्या पेशींना चिकटतील अशी प्रतिपिंडं तयार करू लागल्या आणि प्रत्येकीने आपापली नावं ठेवली. गोंधळ इतका झाला की १९८२ मध्ये पॅरिसला खास कार्यशाळा भरवून नावांची वाटणी करावी लागली. एकाच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं एका गटात टाकायची, आणि गटाला 'सीडी' लावून क्रमांक द्यायचा. आज हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. चौथ्या क्रमांकावर बसलं ते मदतनीस टी-पेशींच्या, म्हणजे संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या त्या लिम्फोसाइटच्या, अंगावरचं प्रथिन.

त्याचं काम तसं साधं, पण त्यावर बरंच अवलंबून. शरीरातल्या काही पेशी पकडलेल्या जंतूचा तुकडा आपल्या अंगावर मांडून दाखवतात. मदतनीस पेशी तो तपासते, तेव्हा सीडीफोर समोरच्या पेशीला धरून ठेवतं आणि आतल्या बाजूने 'ओळख पटली' असा इशारा पुढे पाठवायला मदत करतं. मग ती पेशी इतरांना कामाला लावते. काही प्रतिपिंडं बनवतात, काही गिळायला निघतात, काही मारायला. ही पेशी गेली तर बाकीचं सैन्य जागच्या जागी असतं, हुकूम मात्र येत नाही.

१९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी विचित्र न्यूमोनिया झालेल्या पाच तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचं रक्त नव्या प्रतिपिंडांनी तपासलं, तेव्हा नेमक्या याच मदतनीस पेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसल्या. १९८४ च्या अखेरीस लंडन आणि पॅरिसच्या दोन गटांनी एकाच वेळी कारण सांगितलं: या आजाराचा, म्हणजे एड्सचा, विषाणू एचआयव्ही पेशीत शिरतो तो सीडीफोरला धरूनच. संरक्षणाच्या कामासाठी असलेली कडीच चोराच्या हाती लागली होती.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, मद्रासला. शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. एस. निर्मला हिने वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्ताचे नमुने जमवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. पुढे १९९३ साली सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. या केंद्राचा आणि पुण्याचा संबंध पुढे येईलच.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विषाणू कसा पोचला हे सांगायला नकाशा पुरेसा आहे. पुणे-बंगळूर महामार्ग साताऱ्यातून, कराडातून खाली उतरतो. मिरज हे जंक्शन. पाटण, जावळी, कोरेगावची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीच्या कामावर. माण-खटाव, खानापूर-आटपाडीचे लोक सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात. फलटणला नीरेचा कालवा, ऊस आणि साखर कारखाना. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाला बाहेरून येणार, आणि इथली कोरडवाहू बाजूची माणसं कामाला बाहेर जाणार. घर एका जागी आणि कमाई दुसऱ्या जागी, अशी अर्थव्यवस्था जिथे जिथे होती तिथे तिथे हा आजार गेला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात देशभरातल्या जिल्ह्यांची वर्गवारी झाली, तेव्हा राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांप्रमाणे हे दोन्हीही 'अ' वर्गात, म्हणजे सर्वांत जास्त लक्ष द्यायच्या यादीत होते.

आजार परदेशी, शहरी, 'तसल्या' लोकांचा, ही समजूत पुण्यातल्या एका अभ्यासाने मोडली. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नारी' म्हणत. (फलटणच्या माणसाला मात्र 'नारी' म्हणजे बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढलेली कृषी संशोधन संस्था, करडई, ज्वारी आणि जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढ्या. पुण्याच्या संस्थेचं नाव अलीकडे बदललं, त्यामुळे आता ही आद्याक्षरं फलटणलाच उरली.) डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या नऊशेहून अधिक बायकांची तपासणी केली. वेश्याव्यवसायात असलेल्यांपैकी निम्म्यांना संसर्ग होता, हे अपेक्षित होतं. पण त्या व्यवसायाशी काहीही संबंध नसलेल्या, बहुतांशी लग्न झालेल्या आणि नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या बायकांतही शंभरात जवळपास चौदा जणी पॉझिटिव्ह निघाल्या. १९९७ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. नवऱ्याशी एकनिष्ठ राहणं हे त्या बायकांचं संरक्षण ठरलं नव्हतं, तीच त्यांची जोखीम होती.

सांगलीत त्याच १९९२ मध्ये दुसऱ्या टोकाने काम सुरू झालं. मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'संग्राम'ने, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने, गोकुळनगरातल्या बायकांकडे रोगाचा उगम म्हणून बघायचं नाकारलं. निरोध वाटायचे ते त्या बायकांनीच, पटवून द्यायचं ते त्यांनीच, दवाखान्यात सोबत जायचं तेही त्यांनीच. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 'व्हॅम्प'. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे निपाणीपर्यंत तिचं जाळं पसरलं. अमेरिकेच्या सरकारने आर्थिक मदतीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली, तेव्हा २००५ मध्ये संग्रामने पैसे नाकारले. एड्सच्या इतिहासात शास्त्रज्ञांना मिळते तेवढी जागा या बायकांना मिळत नाही. खरं तर विषाणूला पेशीपर्यंत पोचूच न देण्याचं काम, औषध हाताशी नव्हतं त्या काळात, त्यांनीच केलं.

आता पुन्हा त्या प्रथिनाकडे. १९९० च्या दशकात पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाचा आजार कुठवर आला आहे हे सांगणारा मुख्य भरवशाचा आकडा होता, रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडीफोर असलेल्या पेशी किती. निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००. दोनशेच्या खाली गेला की विशिष्ट न्यूमोनिया, मेंदूज्वर, पसरलेला क्षय यांना दार उघडं. हा आकडा काढायला तालुक्याचा मायक्रोस्कोप कामाचा नव्हता. त्याला हवं होतं फ्लो सायटोमीटर. प्रतिपिंडांना चमकणारे रंग जोडून ते रक्तात मिसळायचे, पेशींना बारीक धारेतून एकामागून एक जायला लावायचं, वाटेत त्यांच्यावर लेसरचा झोत सोडायचा आणि चमकलेल्या पेशी यंत्राने मोजायच्या. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी १९७० च्या सुमारास या तंत्राला आकार दिला होता. त्यांनी ते एड्ससाठी केलं नव्हतं. तेव्हा एड्स कुणाला माहीतच नव्हता.

यंत्र महाग, रसायनं महाग, ती थंड ठेवायची, आणि रक्त मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. जांभळ्या बुचाच्या नळीतलं ते रक्त साधारण ४८ तासांच्या आत यंत्राखालून जायला हवं. म्हणजे फलटणच्या माणसाला रक्त द्यायचं तर साताऱ्याला नाहीतर पुण्याला जायचं. एसटीचा दिवस, बुडालेली मजुरी, आणि घरी सांगायला एखादं खोटं कारण. रेल्वेचा प्रश्नच नव्हता. लोणंदहून फलटणला गाडी आली ती २०१९ मध्ये.

यंत्र नसलेल्या ठिकाणी काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने एक तडजोड सुचवली होती. आजाराची लक्षणं दिसत असतील आणि एकूण लिम्फोसाइट १२०० च्या खाली असतील, तर औषध सुरू करायला हरकत नाही. म्हणजे फिरून तेच टीसी-डीसी. एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी गुणायचं की झालं. ही तडजोड अगदीच ओबडधोबड होती, तरी तिच्यात शहाणपण होतं. जगातलं सर्वांत अद्ययावत यंत्र येईपर्यंत लीशमनच्या बाटलीवर काम भागवायचं.

आणि औषध तरी कुठे होतं? १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार जगात गाजत होता, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर. असल्या खर्चात उसाचं रान गेलं असतं आणि वर्षाच्या आत पैसेही संपले असते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तेच तीन औषधांचं मिश्रण स्वयंसेवी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली आणि जगभरच्या किमती घसरल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारने हा उपचार, म्हणजे एआरटी, मोफत सुरू केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली, सांगलीच्या शासकीय रुग्णालयात, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात. 'गोळ्या चालू झाल्या' या तीन शब्दांत एक संबंध आयुष्य सांगता येऊ लागलं.

पण गोळ्या सगळ्यांना नव्हत्या. सुरुवातीला अट होती सीडीफोर दोनशेच्या खाली. इथून त्या प्रथिनाची कहाणी जीवशास्त्रातून सरकारी दप्तरात शिरते. दारिद्र्यरेषेसारखीच ही एक रेषा, खाली असलात तर हक्कदार, वर असलात तर सहा महिन्यांनी या. केंद्रांवर दर सहा महिन्यांनी रक्त, त्यानंतर रिपोर्टची वाट. आकडा वाढला तर आनंद, पण औषध न चालू झालेल्याला तो वाढला म्हणजे आणखी थांबणं. २१० आलेला माणूस परत जायचा आणि १९० आलेला आत यायचा. खरं तर या दोन आकड्यांत फरक नव्हताच. सीडीफोरची संख्या एकाच माणसात सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. सर्दी-तापाने ती खाली येते, गरोदरपणात रक्त पातळ झाल्याने उतरते. लहान मुलांत तर मुळातच इतकी जास्त असते की त्यांच्यासाठी आकड्याऐवजी टक्का धरावा लागे. निसर्गात उतार होता, आणि कागदावर पायरी.

यंत्रं वाढली तसा आणखी एक प्रश्न आला. साताऱ्याचे २०० आणि नागपूरचे २०० एकच आहेत का? त्याची जबाबदारी भोसरीच्या संस्थेकडे होती. तिथून देशभरच्या सीडीफोर प्रयोगशाळांना टिकवलेल्या रक्ताचे एकसारखे नमुने जात. प्रत्येकीने ते मोजून आकडा कळवायचा, आणि ज्यांचा आकडा बाकीच्यांपासून फार दूर, त्यांनी यंत्र, रसायन आणि हात तपासायचे. हे काम कधी बातमीत आलं नाही. लाखो माणसांच्या औषधाचा निर्णय एका आकड्यावर टेकलेला असताना तो आकडा सगळीकडे एकाच मापाने मोजला जाईल हे बघणं, हे कुठल्याही शोधाइतकंच मोलाचं होतं.

ती रेषा शेवटी हलली, आणि हलवण्यात पुण्याचा वाटा होता. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास नऊ देशांतल्या १३ केंद्रांवर झाला. भारतातली केंद्रं पुण्याची 'नारी' आणि चेन्नईचं गायतोंडे केंद्र. १,७६३ जोडपी घेतली, जोडीतला एक पॉझिटिव्ह, दुसरा नाही. पॉझिटिव्ह जोडीदाराचा सीडीफोर ३५० ते ५५० च्या मध्ये, म्हणजे तेव्हाच्या नियमाने औषधाची गरज नसलेला. निम्म्यांना औषध लगेच दिलं, निम्म्यांना सीडीफोर खाली उतरल्यावर. २०११ मध्ये निकाल जाहीर झाला: लवकर औषध मिळालेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी. १९९७ च्या अभ्यासात ज्या एकनिष्ठ बायका उघड्यावर पडलेल्या दिसल्या होत्या, त्यांचं संरक्षण नवऱ्याच्या गोळ्यांत होतं, आणि त्याच गोळ्या दोनशेच्या रेषेमुळे नवऱ्याला वर्षानुवर्षं मिळत नव्हत्या. रेषा आखताना हिशेब एकट्या रोग्याचा केला होता. बायको त्या हिशेबात नव्हतीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मर्यादा ३५० केली, २०१३ मध्ये ५००, आणि २०१५ मध्ये ती काढूनच टाकली. भारत मागोमाग चालत राहिला. २०१७ च्या एप्रिलमध्ये धोरण आलं, तपासणीत पॉझिटिव्ह निघाला की सीडीफोर कितीही असो, गोळ्या चालू. त्याच वर्षी एचआयव्ही बाधितांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा संसदेने केला. आता औषध लागू पडतंय की नाही हे व्हायरल लोडवरून बघतात, रक्तात विषाणू किती उरला त्यावरून. आकडा मोजणीच्या खाली गेला की तो माणूस शरीरसंबंधातून कुणाला संसर्ग देत नाही. केंद्रांवर जुने रोगी अजूनही सवयीने 'सीडीफोर नाही का करायचा?' असं विचारतात, आणि समुपदेशकाला समजावून सांगावं लागतं.

मोजणी संपलेली नाही. अजूनही बरीच माणसं दवाखान्याची पायरी चढतात ती वजन निम्म्यावर आल्यावर, खोकला महिन्यांवर गेल्यावर, आणि अशांसाठी २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वेगळ्या सूचना आहेत. सीडीफोर दोनशेच्या खाली असेल तर क्षयाची लघवीतून होणारी तपासणी, मेंदूज्वर करणाऱ्या बुरशीसाठी रक्ताची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या. औषधाच्या दारातून उठवलेली दोनशेची रेषा अशी वॉर्डात जाऊन बसली आहे. ती ओळखायला आता लेसरचं यंत्रही लागत नाही. बोटाच्या थेंबावर, गरोदरपणाच्या चाचणीसारख्या पट्टीवर, सुमारे पाऊण तासात 'दोनशेच्या वर की खाली' एवढंच सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या आहेत, आणि त्या तालुक्याच्या लॅबमध्ये, जुन्या मायक्रोस्कोपशेजारच्या टेबलावर करता येतील अशाच बेताच्या आहेत.